‘फँड्री’ : एका शब्दाची दोन स्थाने

मराठी चित्रपटांत ग्रामीण बोली अनेकदा हास्यनिर्मितीपुरती योजिली गेली. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’ (२०१३) या चित्रपटाने हा साचा मोडला. शीर्षकाचा शब्द कैकाडी भाषेतील असून त्याचा अर्थ डुक्कर असा आहे. कैकाडी ही द्राविड कुळातील भाषा होय. तमिळमधील ‘पन्ऱि’ व तेलुगूतील ‘पंदि’ ही त्याची सगोत्र रूपे. कैकाड्यांच्या घरात तो केवळ प्राणिवाचक शब्द आहे. गावातील टवाळखोर मात्र तोच जब्याच्या कुटुंबाला उद्देशून उच्चारतात, आणि प्राणिनामाची शिवी होते. कोशातील अर्थ कायम राहतो. पालटते ते बोलणाऱ्याचे व ऐकणाऱ्याचे परस्परांतील स्थान.

शासनाच्या यादीत हाच समाज बुलढाणा जिल्ह्यात, अर्थात सुलतानपुरातही, अनुसूचित जातींत मोडतो. पश्चिम महाराष्ट्रात विमुक्त जातींत. कागदावरील ही नावेही त्याला बाहेरूनच मिळाली आहेत. नाव ठेवण्याचा अधिकार ज्याच्याकडे, सत्ताही त्याच्याकडे, असा हा न्याय आहे.

अखेरच्या दृश्यात जब्या थेट प्रेक्षकाच्या दिशेने दगड भिरकावतो. शब्दांवर ज्याचा अधिकार उरू दिलेला नाही, त्याचे ते प्रत्युत्तर होय. आणि ऐकणाऱ्याच्या जागी आता प्रेक्षक उभा असतो.