भुंगा नको, गाणं हवं!

मैत्रिणींनो, आपल्या खान्देशात आखाजी म्हणजे लेकीबाळींचा सण. झाडाला झोका बांधला की गौराईची गाणी आपोआप ओठांवर येतात. श्रावणात कानबाईची गाणी. पण ही गाणी ज्यांना तोंडपाठ आहेत, त्या बायका आता सत्तरी-पंच्याहत्तरीच्या झाल्यात.

जळगावजवळच्या आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलगा सोपानदेव आणि नात्यातले पितांबर चौधरी यांनी त्यांच्या ओव्या टिपून ठेवल्या, म्हणून १९५२ साली 'बहिणाबाईंची गाणी' छापून आली. पण कागदावर शब्द उतरतात, गळा उतरत नाही. आज तो घरच्या कॉम्प्युटरवरही जपता येतो, तर मग का नाही जपायचा?

आमच्या धुळ्याच्या घरी सासूबाईंची गाणी रेकॉर्ड करायला घेतली. ऐकवल्यावर त्या म्हणाल्या, "हाऊ भुंगा कोठून वना व बाई?" खरंच, आवाजामागे सारखं घूं घूं चालू होतं!

हा भुंगा बहुधा विजेचा असतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. अर्थिंग नीट नसेल तर तिचीच गुणगुण माइकच्या वायरमधून आत शिरते. माझ्या जळगावच्या वहिनीने लॅपटॉपचा चार्जर काढला आणि घूं घूं बंद! तुम्हीही आधी हेच करून बघा. बॅटरीवर आवाज स्वच्छ आला, तर दोष चार्जरच्या किंवा विजेच्या वाटेने येतोय. आमच्यासारखा टेबलावरचा कॉम्प्युटर असेल तर तीन पिनांचा प्लगच वापरा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका, शॉक बसू शकतो. माइकची वायर पॉवरच्या वायरींपासून लांब ठेवा. तरीही गुणगुण राहिली तर यूएसबी माइक लावून पाहा. त्यात आवाजाचं रूपांतर माइकमध्येच होतं, त्यामुळे कॉम्प्युटरच्या आतली खरखर टळते.

आवाज अगदीच बारीक येतोय? टेबलावरच्या कॉम्प्युटरला मागे गुलाबी आणि निळी अशी दोन भोकं असतात. माइक गुलाबीत हवा. 'माइक बूस्ट' एकदम वाढवू नका, त्याने गाण्याबरोबर खरखरही मोठी होते. त्यापेक्षा माइक तोंडापासून वीतभर अंतरावर, जरा बाजूला धरा. म्हणजे 'प' आणि 'फ'चा फटका बसत नाही.

आवाज फाटतोय? मग रेकॉर्डिंगची पातळी कमी करा. पट्टी लाल झाली की आवाज वरून कापला जातो आणि तो नंतर धड दुरुस्त होत नाही. बायका गाण्यात रंगल्या की आवाज चढतोच, म्हणून तपासताना सगळ्यात चढ्या ओळीवर तपासा.

पंखा बंद करा. (उन्हाळ्यात जीव नकोसा होतो, म्हणून पहाटेची वेळ बरी.) खोलीत आवाज घुमत असेल तर भिंतीला गोधड्या टांगा, खाली सतरंजी घाला. गोधडी घुमणारा आवाज शोषते.

रेकॉर्डिंगसाठी 'ऑडॅसिटी' हा मोफत प्रोग्रॅम पुरतो. गाण्याआधी पाच सेकंद गप्प बसा. तेवढी शांतता निवडून प्रोग्रॅमला दाखवली की तो तसला आवाज पूर्ण गाण्यातून कमी करतो. पण बेताने वापरा, नाहीतर गळा पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा वाटतो. मूळ फाइल 'वेव्ह'मध्येच ठेवा. सीडीच्या दर्जाचं स्टिरिओ रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण १० एमबी जागा घेतं. पाठवायला हवी तर एमपी-थ्री वेगळी करा आणि मूळ फाइल दोन ठिकाणी जपा.

एक मात्र नक्की करा. आधी अर्धा मिनिट रेकॉर्ड करून हेडफोनवर ऐका, मगच पूर्ण गाणं म्हणायला सांगा. म्हातारा गळा पुन्हा पुन्हा लागत नाही. आणि गाण्याआधी म्हणणारीचं नाव, गाव आणि तारीख तिच्याच तोंडून बोलून घ्या. नातवंडांना ते फार उपयोगी पडेल.