शेवटच्या सरीतली धामण

फडाचा शेवटचा पट्टा उरला की ऊसतोडीची टोळी आपसूक सावध होते. सकाळपासून सरीमागून सरी मोकळी होत आलेली असते आणि उसाच्या आडोशानं राहणारं सगळं, उंदीर, घुशी, ससे, रानमांजरं, त्या उरलेल्या पट्ट्यात येऊन दाटलेलं असतं. कराडपासून वाळव्यापर्यंतच्या कृष्णाकाठी या शेवटच्या सऱ्यांतून जो मोठा साप बाहेर पडतो, तो बहुतेक वेळा धामण असतो. आणि ओरडा होतो तो मात्र नागाचा.

त्या दिवशीही तसंच झालं. टोळी बीडकडची. बांधावरच्या बाभळीला झोळी बांधलेली, झोळीत लेकरू. "नाग हाय, नाग!" म्हणत दोघे कोयते उगारून धावले. मुकादमानं त्यांना थोपवलं आणि गावातल्या सर्पमित्राला फोन लावला. त्या हंगामात मी त्यांच्याबरोबर अशा ठिकाणी जात होतो.

पोचल्यावर त्यांनी सापाला हात घातला नाही. आधी विचारलं, "त्याच्यावर नजर कुणाची आहे?" एका बाईनं पाचटाच्या ढिगाकडे बोट केलं. तिनं तिथून डोळा हलवला नव्हता. "शाबास मावशी. आता लेकरं मागं घ्या, बाकीच्यांनी दहा-बारा फुटांवर उभं राहा, पण बघत राहा." माझ्या मते त्यांच्या कामाचा सगळ्यात अवघड भाग हाच आहे. भेदरलेल्या माणसांना तिथंच उभं करून नीट बघायला लावणं. साप पकडायला पुढं दोन मिनिटं लागतात.

पाचट बाजूला सारलं तेव्हा साप दिसला. पिवळट तपकिरी, सात फुटांच्या आतबाहेर. मान इंग्रजी एस अक्षरासारखी वळवून, गळा फुगवून त्यानं खोल घरघर केली. गळा फुगला की माणसांना फणा दिसतो, आणि घोटाळा होतो तो इथंच. नाग मानेच्या फासळ्या दोन्ही बाजूंना पसरतो, त्यामुळे फणा रुंद आणि चपटा होतो. धामणीचा गळा खालच्या अंगाला फुगतो आणि मान दोन्ही बाजूंनी दबते. "ओठ बघा," सर्पमित्र म्हणाले. वरच्या ओठावरच्या प्रत्येक खवल्याच्या कडेला काळी उभी रेघ होती. डोळा मोठा, बाहुली गोल. डोकं मानेपेक्षा ठसठशीत. मागच्या अर्ध्या अंगावर काळे वेडेवाकडे आडवे पट्टे, शेपटाकडे आणखी गडद. एवढ्या खुणा सुरक्षित अंतरावरूनही दिसतात, फक्त तेवढा वेळ कोयता खाली राहिला पाहिजे.

लोकांची भीती खोटी नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यांतली, शेतात राबणारी. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं यांच्याशी रोज गाठ पडणाऱ्याला 'साप दिसला तर घाबरू नका' असं सांगण्यात अर्थ नाही. मात्र धामणीला विष नाही. ती चावते, जोरात चावते, मागं वळलेल्या बारीक दातांनी रक्त काढते. जखम साबणानं धुवायची आणि धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. साप कोणता होता याची जराही शंका असेल तर मात्र सरळ दवाखाना गाठायचा.

पकडायची पद्धत साधी. पीव्हीसी पाइपच्या एका टोकाला काळी कापडी पिशवी बांधलेली असते, दुसरं टोक सापासमोर धरायचं. हुकानं मागून हलकंसं वळवलं की अंधाराच्या ओढीनं साप आपण होऊन आत शिरतो. ही धामण पहिल्यांदा पाइपला वळसा घालून उसात घुसली. दिवसा वावरणाऱ्या या सापाचा वेग असा की टोळीतली पोरं ओरडेपर्यंत ती दोन सऱ्या पलीकडे होती. दुसऱ्यांदा पाइपात गेली आणि मागं तिच्या ग्रंथींचा उग्र वास राहिला.

बाईनं विचारलं, "ही म्हशीच्या पायाला इळखा घालून दूध पिती म्हणत्यात?" सापाच्या तोंडाला दूध ओढायची सोयच नाही, ते सडाला लागलं तर दातच रुततील, असं सर्पमित्रांनी समजावलं. गोठ्यात धामण येते ती उंदरांसाठी. भक्ष्य मारायला तिच्याकडे विष नाही आणि अजगरासारखी आवळूनही ती मारत नाही. उंदीर तोंडात धरते, अंगाखाली जमिनीशी किंवा बिळाच्या भिंतीशी दाबून ठेवते, आणि पुष्कळदा तो जिवंत असतानाच गिळायला लागते. उंदरांइतकीच ती बेडकांवर जगते. पक्ष्यांची पिल्लं, सरडे, लहान सापही खाते. 'शेतकऱ्याचा मित्र' हे तिचं कौतुक मला मान्य आहे, तरी ती शेतकऱ्यासाठी शिकार करत नाही, हे आपण लक्षात ठेवावं.

नाग-धामण जोडपं असतं, हा समज तर घरोघरी आहे. उन्हाळ्यात बांधावर दोन साप एकमेकांना पीळ घालून उभे राहिलेले दिसले की कुणीतरी धावत जाऊन कपडा टाकतं, धनलाभ होतो म्हणून. ते दोघेही बहुधा धामणीच असतात आणि दोघेही नर. मी पाहिलेल्या झुंजीत अंगाचा पुढचा भाग उचलून ते एकमेकांचं डोकं खाली दाबायला बघत होते. निसटायचे, परत पीळ घालायचे. चावा एकानंही घेतला नाही. शेवटी एक दमला आणि बाजूच्या निवडुंगात निघून गेला. मादी आसपासही दिसली नाही.

धामणींचा जीव माणसांच्या भीतीपेक्षा कातडीपायी जास्त गेला असेल. १९७०च्या दशकात बंदी येईपर्यंत धामणीची कातडी लाखोंच्या संख्येनं परदेशात जात होती, पट्ट्यांसाठी आणि पर्सांसाठी. तमिळनाडूतल्या इरुळा लोकांचं पोट त्यावर होतं. बंदीनंतर १९७८ मध्ये सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं त्यांची सहकारी संस्था उभी राहिली. तेच हात मग विषारी साप पकडून विष काढू लागले, आणि त्या विषापासून प्रतिविष तयार होतं.

वनखात्याला फोनवर कळवून आम्ही धामण त्याच शिवारातल्या ओढ्याकाठी सोडली. लांबच्या जंगलात नेऊन सोडणं लोकांना पुण्याचं वाटतं, पण तिथं नेलेल्या सापाला बिळं, पाणी, आडोसा सगळं नव्यानं शोधावं लागतं.

आम्ही परतलो तर टोळी पुन्हा कामाला लागलेली. बहुतेकांच्या पायात चपला, काहीजण अनवाणी. एवढ्या पाचटातून हिवाळ्याच्या पहाटे अंधारात चालणाऱ्या माणसाला गमबूट आणि बॅटरी मिळालीच पाहिजे. उचल देताना हिशेबात ज्या गोष्टी धरल्या जातात, त्यांत ही जोडी का नसावी, हे मला कळत नाही. मुकादमाला सर्पमित्रांनी तेच सांगितलं. तो मान हलवत राहिला.

मावशी मात्र कोयता बाजूला ठेवून आली. "धामण कळली. आता चावून मारणारा दाखवा." सर्पमित्रांनी मोबाइलवर घोणशीचा फोटो दाखवला. पाठीवर गडद लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, त्रिकोणी डोकं, आखूड जाड अंग. पळून न जाता जागीच वेटोळं करून बसणारी, कुकरच्या शिट्टीसारखा आवाज काढणारी. मावशीनं फोटो बोटांनी मोठा केला आणि मागं उभ्या असलेल्या पोरींना हाक मारली.