हैदराबादचा ‘आकाश’ आणि २ जीबींची जागा

केंद्रीय मंत्री कपिल सिब्बल यांनी ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत सादर केलेला ‘आकाश’ हा विद्यार्थ्यांसाठीचा स्वस्त टॅबलेट हैदराबादेत जोडला जात होता. पडदा ७ इंची, रॅम २५६ एमबी आणि साठवणीला अवघे २ जीबी! आधार होता तो मेमरी कार्डाचा, ३२ जीबीपर्यंतच्या. त्यातल्या अँड्रॉइड २.२ मुळे काही ॲप कार्डावर हलवताही येत. आयआयटी मुंबईच्या देखरेखीखालच्या ‘आकाश २’ला ४ जीबी मिळाले.

आज ६४ जीबीही भरतात, बहुधा व्हिडिओंनी. व्हॉट्सॲपमधल्या ‘मॅनेज स्टोरेज’पासून सुरुवात करावी, मोठ्या फायली तिथे एकत्र दिसतात. सेटिंग्जमध्ये त्या-त्या ॲपचे ‘क्लिअर कॅशे’ निर्धास्तपणे दाबा. ‘क्लिअर डेटा’ मात्र जपून: लॉगिन जाते आणि ॲपने फक्त टॅबलेटवरच साठवलेले कामही पुसले जाते. मुलांच्या अभ्यासाच्या ॲपबाबत ही काळजी घ्यायलाच हवी.

पुसलेले फोटो काही दिवस कचरापेटीत पडून असतात. ती रिकामी झाल्याशिवाय जागा सुटत नाही. साठवण काठोकाठ भरू देऊ नये, कारण फ्लॅश मेमरीला नवे लिहिण्यासाठी मोकळे कप्पे लागतात. ते संपत आले की टॅबलेट रेंगाळतो.