अडगळीतल्या माउंटन बाइकला मिळू शकतो पुनर्जन्म

बावधन – नव्या-जुन्या गृहरचना संस्थांच्या वाहनतळात एक दृश्य हमखास दिसते. जिन्याखालच्या कोपऱ्यात जाड टायरची एखादी माउंटन बाइक धूळ खात उभी असते. टायर जमिनीला टेकलेले, साखळी गंजलेली, गियरची वायर लोंबकळणारी. मुलगा महाविद्यालयात गेला, घरात दुचाकी आली आणि सायकल अडगळीत पडली. दिवाळीच्या साफसफाईत ती भंगारवाल्याच्या हाती जाते. वास्तविक, अशा बहुतेक सायकलींचे रबर, ग्रीस आणि वायरी तेवढ्या म्हाताऱ्या झालेल्या असतात. पोलादी सांगाडा धडधाकट असतो. हा फरक ओळखता आला, तर भंगारात निघालेली सायकल पुन्हा रस्त्यावर येऊ शकते.

जन्मच जुन्या सायकलींतून

माउंटन बाइक हा प्रकार मुळात टाकाऊ सायकलींतूनच घडला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यातील काही तरुणांनी १९७० च्या दशकात तीस-चाळीस वर्षे जुन्या, फुगीर टायरच्या सायकली दुरुस्त करून डोंगरउतारावर दामटायला सुरुवात केली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली 'रिपॅक' शर्यत झाली. उतारावर मागच्या चाकातील ब्रेक इतका तापत असे, की त्यातील ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते नव्याने भरावे लागे. त्यावरून हे नाव पडले. जो ब्रीझ याने १९७७ मध्ये खास डोंगरासाठी नवा सांगाडा बनवला. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये हा क्रीडाप्रकार दाखल झाला.

जुनी सायकल जपण्याची परंपरा पुण्यालाही नवी नाही. बावधनपासून जवळच, कर्वेनगरमध्ये २०१७ पासून विक्रम पेंडसे सायकल संग्रहालय आहे. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिकांसाठी बनवलेली बीएसएची घडीची सायकलही तेथे पाहायला मिळते.

आधी सांगाडा, मग खर्च

सायकल दुकानात नेण्यापूर्वी ती ओल्या फडक्याने पुसून सांगाडा नीट पाहावा. हँडलखालचा सांधा, पायडलचा आस बसतो ती नळी आणि मागचे चाक अडकते ती जागा, या तीन ठिकाणी बारीक तडा आहे का, हे उजेडात तपासावे. वरवरचा गंज घासून निघतो. मात्र गंजलेल्या जागी स्क्रू ड्रायव्हर टोचल्यावर पत्रा दबत असेल, तर पुढील खर्च व्यर्थ होय. पुढचा चिमटा मागे वाकलेला असल्यास सायकल पूर्वी कोठे तरी धडकली आहे, असे समजावे. तसा चिमटा बदलणेच हिताचे. सीटची दांडी काढून सायकल उलटी केल्यास आत साचलेले पावसाचे पाणी निघून जाते. दांडी अडकली असेल, तर हातोडीने ठोकण्याऐवजी रात्रभर गंज सोडवणारे तेल सोडून ठेवावे.

सांगाडा पास झाला, की 'ओव्हरहॉलिंग' करून घ्यावे. दोन्ही चाके, हँडल आणि पायडलचा आस उघडून जुने, घट्ट झालेले ग्रीस पुसून काढले जाते, खडबडीत झालेले छर्रे बदलले जातात आणि नवे ग्रीस भरले जाते. त्याच वेळी चाकाचा 'आउट' काढून घ्यावा.

टायरवरचे आकडे वाचा

जुन्या माउंटन बाइकचे चाक सहसा २६ इंची असते. नव्या महागड्या सायकलींत २७.५ आणि २९ इंची चाके रूढ झाली असली, तरी २६ इंची टायर-ट्यूब आजही सहज मिळतात. मात्र, '२६ × १.९५' आणि '२६ × १ ३/८' हे टायर एकच नव्हेत. पहिला ५५९ मिलिमीटर व्यासाच्या, तर दुसरा ५९० मिलिमीटर व्यासाच्या रिमवर बसतो. त्यामुळे जुन्या टायरवरील आकडा लिहून नेणे उत्तम. नक्षी शाबूत असली, तरी बाजूला भेगा पडलेला टायर वापरू नये.

साखळीची झीज फूटपट्टीने मोजता येते. नव्या साखळीच्या एका पिनेच्या मध्यापासून चोविसाव्या कडीनंतरच्या पिनेच्या मध्यापर्यंत बरोबर १२ इंच भरतात. हे अंतर एक षोडशांश इंचाने वाढले असेल, तर साखळी बदलावी. एक अष्टमांश इंचाने वाढले असेल, तर फ्रीव्हीलचे दातेही बहुधा झिजलेले असतात.

उतार आणि ब्रेक

बावधनमध्ये कळीचा मुद्दा ब्रेकचा आहे. चांदणी चौकाकडून बावधनला येणारा रस्ता उताराचा आहे. पुढे मुळशीच्या दिशेने जावे, तर पिरंगुटचा घाट लागतो. वर्षानुवर्षे पडून राहिलेले ब्रेकचे रबर कडक व गुळगुळीत होते. ते पकडत नाही, नुसते घासते. म्हणून चारही रबरे, आतील वायर आणि बाहेरील आवरण एकदम बदलावे. पूर्ण दाबल्यावरही ब्रेकची मूठ हँडलला टेकता कामा नये. चमकदार पोलादी रिम असलेल्या सायकलीने पावसात विशेष जपावे; ओल्या पोलादावर ब्रेकची पकड फार कमी होते. ॲल्युमिनियमच्या रिम बसवल्यास हा धोका बराच घटतो.

खर्चाचा क्रम ब्रेक, टायर, साखळी, गियर आणि सर्वांत शेवटी रंग असा असावा. पुष्कळदा याच्या उलट घडते. चकचकीत रंगावर पैसे संपतात आणि ब्रेक जुनाच राहतो. सांगाडा चांगला असेल, तर गियर पूर्ण सुधारले नाहीत तरी एका गियरवर भाजी आणण्यापुरती सायकल चालते. ब्रेकच्या बाबतीत मात्र तडजोड नको. दुरुस्तीनंतर पहिले काही दिवस सोसायटीच्या आवारात, सपाट रस्त्यावर चालवून नट-बोल्ट पुन्हा आवळून घ्यावेत आणि मगच उताराची वाट धरावी.