उकिरड्याच्या वाटेने जाणारा पाऊस

जालना जिल्ह्यात वर्षाकाठी साडेसहाशे-सातशे मिलीमीटर पाऊस पडतो, पण तो बेताबेताने कधीच पडत नाही. एखाद्या संध्याकाळी तासाभरात 20 मिलीमीटर कोसळून मोकळा होतो. हजार चौरस फुटांच्या अंगणात गट्टू बसवलेले असतील, तर तेवढ्या एका सरीचं साधारण 1,850 लिटर पाणी होतं आणि त्यातलं बहुतेक सगळं दाराबाहेर वाहत जातं. जाताना ते रिकाम्या हाताने जात नाही. गोठ्यातलं मूत, उकिरड्याचा काळा रस, पोत्यातून सांडलेला युरिया, धुण्याच्या पावडरीचा फेस, सगळं सोबत घेतं.

याच जिल्ह्यात, अंबड तालुक्यातलं अंतरवाली सराटी 2023 मध्ये मराठा आरक्षणाच्या उपोषणामुळे राज्यभर माहीत झालं. एरवी ते काळ्या जमिनीच्या, उसाच्या पट्ट्यातलं गाव. या भागाचा उतार दक्षिणेला गोदावरीकडे. म्हणजे अंगणातून सुटलेलं पाणी नालीत, नालीतून ओढ्यात आणि ओढ्यातून नदीत, किंवा वाटेतच विहिरी-बोअरमध्ये.

केंद्रीय भूजल मंडळाच्या 2024 च्या अहवालात महाराष्ट्रातल्या भूजल नमुन्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक नमुन्यांत नायट्रेट लिटरला 45 मिलिग्रॅमच्या मर्यादेपलीकडे आढळलं. देशात सर्वाधिक बाधित जिल्ह्यांच्या यादीत नदीपलीकडचं बीड आहे, नांदेडही आहे. शेतातलं रासायनिक खत याचं मोठं कारण, पण गावठाणातला उकिरडा आणि गोठाही त्यात भर घालतात. आणि हे पाणी उकळून भागत नाही. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट मात्र आटलेल्या पाण्यात आणखी दाट होतं. तान्ह्या बाळाच्या वरच्या दुधात असं पाणी गेलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद घटते.

यावर ग्रामपंचायतीचं आवडतं उत्तर म्हणजे सिमेंटची नाली. नाली दिसते, मोजता येते, तिचं उद्घाटन करता येतं. ती पाणी साफ मात्र करत नाही, खालच्या आळीला नेऊन सोडते.

नळ घरात आल्यापासून घाण पाण्याचा हा प्रश्न वाढला आहे. 2019 च्या जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज 55 लिटर पाण्याचा हिशेब आहे. पाच माणसांच्या घरात 275 लिटर आलं, की त्यातलं सुमारे 220 लिटर सांडपाणी होऊन बाहेर पडतं. जुन्या घरांत न्हाणीमागे केळीचं बेट, अळूचं खाचर आणि कर्दळीची रांग असायची. पाणी तिथे थबकायचं, गाळ खाली बसायचा, मुळांवरचे जिवाणू घाण कुजवायचे आणि राहिलेलं खत झाडं खायची. परसदारी सिमेंट आलं तशी केळ गेली आणि डास आले.

नांदेड जिल्ह्यातल्या हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने यावर घरोघरी शोषखड्डे केले. चौकोनी खड्डा, मध्ये भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती दगडगोटे. न्हाणीचा पाइप टाकीत सोडायचा. गाळ टाकीच्या तळाशी राहतो, पाणी भोकांमधून दगडांत आणि तिथून जमिनीत मुरतं. नाल्या कोरड्या पडल्या आणि डासांची पैदास घटली. पुढे जिल्हा परिषदेने रोजगार हमीची जोड देऊन हे काम गावोगावी नेलं आणि ‘नांदेड पॅटर्न’ हे नाव रूढ झालं.

पण अंबडच्या काळ्या मातीत या पॅटर्नची डोळे झाकून नक्कल करण्यात अर्थ नाही. काळी माती भिजली की फुगते आणि तिची भोकं बुजतात. उथळ खड्डा पहिल्याच पावसाळ्यात तुंबतो. खणत मुरमापर्यंत जावं लागतं, आणि मुरूम फार खोल असेल तर केळी-कर्दळीचा वाफाच बरा.

त्याहून मोठी चूक होते ती सगळं पाणी एकाच खड्ड्यात सोडण्याची. आंघोळीच्या पाण्यात नायट्रोजन कमी असतो, ते मुरवायला हरकत नाही. गोठ्याचं पाणी मुरवलं, तर नायट्रेट हौसेने विहिरीत पाठवल्यासारखं होतं. गोठ्याला पक्का तळ आणि मूत साठवायला लहान हौद हवा. ते मूत पाण्यात मिसळून शेताला द्यावं. उकिरड्याला भोवती मातीचा बांध आणि वर आच्छादन असावं, म्हणजे पाऊस त्यातून झिरपणार नाही.

पावसाच्या पाण्याला अंगणातच अडवायचं, तर सगळे गट्टू उखडायला नकोत. उताराच्या टोकाला वीतभर खोल, झाडं लावलेला खळगा पुरतो. 1990 च्या सुमारास अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये, प्रिन्स जॉर्जेस काउंटीत नव्या घरांच्या अंगणांत असे खळगे केले गेले; त्यांना पर्जन्यबाग म्हणता येईल. आपल्याकडे खळग्याच्या काठावर वाळा लावावा. त्याची मुळं दोन-तीन मीटर सरळ खाली जातात, माती धरून ठेवतात आणि उन्हाळ्यात पाण्यावाचून तग धरतात. जालना तालुक्यातल्या कडवंचीने 1996 पासून इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमात शिवारभर पाणी अडवलं, तेच तत्त्व इथे अंगणाच्या मापात येतं.

शोषखड्डा हातपंपापासून निदान 30-35 फूट दूर असावा, आणि खणायचं काम उन्हाळ्यात उरकावं. टाकीतला गाळ अधूनमधून काढावा लागतो. काही वर्षांनी दगड बाहेर काढून धुवावे लागतात, आणि हे काम पंचायत करणार की घरचे, ते खड्डा खणण्याआधीच ठरवून घ्यावं.