संयुक्त राष्ट्रांत इंटर्नशिप : अर्ज भरण्याआधी

गटाच्या बैठकीत हल्ली हप्त्यांबरोबर आणखी एक विषय निघतो. कॉलेजात जाणारी लेक मोबाईलवर जाहिरात दाखवते : संयुक्त राष्ट्रांच्या अमुक संस्थेत ‘डिजिटल डेव्हलपमेंट’साठी इंटर्न पाहिजे. आई विचारते, ही नोकरी आहे का? पैसे मिळतात की भरावे लागतात? आणि आपल्या पोरीला तिथं कोण घेणार? आज आपण याच तीन प्रश्नांबद्दल बोलू.

आधी डिजिटल विकास म्हणजे काय ते पाहू. केनियात २००७ साली एम-पेसा ही सेवा सुरू झाली. बँकेत खातं नसलेला माणूसही साध्या फोनवरून गावी पैसे पाठवू लागला. आपल्याकडे नाबार्डनं मार्च २०१५ मध्ये ई-शक्ती प्रकल्प सुरू केला. झारखंडमधला रामगढ आणि आपला धुळे हे त्याचे पहिले दोन जिल्हे. गटाच्या वहीतली बचत, कर्ज आणि परतफेड टॅबलेटवर नोंदली जाऊ लागली. गटाचा व्यवहार बँकेला दिसू लागला आणि सभासदांना मोबाईलवर संदेश येऊ लागले. फोन, इंटरनेट आणि माहिती यांचा उपयोग लोकांचं जगणं सुधारण्यासाठी करायचा, याला डिजिटल विकास म्हणतात.

पण यंत्र आलं म्हणजे काम झालं असं होत नाही. संदेश येतो तो कुणाच्या फोनवर? आपल्या कितीतरी घरांत फोन एकच असतो, आणि तो नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. बाईच्या कर्जाचा संदेश आधी तोच वाचतो. ओटीपीही त्यालाच विचारावा लागतो. ज्या मुलीनं हे घरात पाहिलंय, तिला या कामातला मोठा प्रश्न आधीच माहीत आहे. जगातल्या अनेक विकास संस्थांनी डिजिटल कामासाठी नऊ तत्त्वं मान्य केली आहेत. ‘वापरणाऱ्या माणसांना सोबत घेऊन रचना करा’ हे त्यातलं एक. त्यामुळे या कामाला फक्त कॉम्प्युटर इंजिनियरच लागतात असं नाही. बायकांशी बोलून अडचणी टिपणं, माहितीचे तक्ते करणं, ॲप वापरून पाहून चुका काढणं, अवघड सूचना सोप्या भाषेत लिहिणं, अहवालाला मदत करणं, अशी कामंही इंटर्नकडे येतात.

आता पहिला प्रश्न. इंटर्नशिप ही नोकरी नाही. ते काही महिन्यांचं शिकणं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयात ती साधारण दोन ते सहा महिन्यांची असते. संपल्यावर तिथंच नोकरी मिळेल अशी हमी कुणी देत नाही. आणि त्याला वेळेची अट आहे. सचिवालयाच्या नियमानुसार मुलगी पदवीच्या शेवटच्या वर्षात हवी, किंवा पुढचं शिक्षण घेत असावी, किंवा शिक्षण पूर्ण होऊन एक वर्षाच्या आत तिनं काम सुरू करावं. युनिसेफसारख्या संस्थांच्या अटी थोड्या वेगळ्या असतात, म्हणून प्रत्येक जाहिरात नीट वाचायची. ‘आधी निकाल लागू दे, मग लग्नाचं बघू, मग अर्ज करू’ असं म्हणत राहिलं तर ही संधी हातची जाते. चौकशी दुसऱ्या वर्षापासूनच करावी.

दुसरा प्रश्न पैशाचा. सचिवालयाच्या इंटर्नशिपला पगार नाही. प्रवास, राहणं, जेवण, विमा हा सगळा खर्च ज्याचा त्यानं करायचा असतो. २०१५ साली न्यूझीलंडचा २२ वर्षांचा इंटर्न जिनिव्हात तळ्याकाठी तंबूत राहत होता, ही बातमी जगभर गाजली, आणि बिनपगारी इंटर्नशिपवर बरीच टीका झाली. युनिसेफ आणि यूएनडीपी इंटर्नला विद्यावेतन देतात. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०२० पासून ते सुरू केलं. तरी विद्यावेतन म्हणजे पगार नव्हे. दिल्लीत किंवा परदेशात खोलीचं भाडं किती, रोजचं जेवण किती, हा हिशोब गटाच्या कर्जासारखाच आधी कागदावर मांडावा. घरून करता येईल अशी इंटर्नशिप असेल तर जाहिरातीत तसं लिहिलेलं असतं.

आणि हे नीट लक्षात ठेवा : संयुक्त राष्ट्रांच्या संस्था अर्ज, मुलाखत, प्रशिक्षण अशा कोणत्याही टप्प्यावर एक रुपयाही शुल्क घेत नाहीत. कुणी ‘नोंदणी फी भरा, जागा पक्की करतो’ म्हणालं, तर ती फसवणूक आहे असं समजा. त्यासाठी गटातून कर्ज उचलू नका, आधारची प्रत आणि बँकेची माहिती पाठवू नका. अर्ज संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करायचा. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके ते पैसे परत मिळणं कठीण.

तिसरा प्रश्न, आपल्या पोरीला कोण घेणार? इंग्रजी लागतं, स्पर्धा जगभरची असते, हे खरं. पण अर्जात ‘मला समाजसेवेची आवड आहे’ असं लिहून काही कळत नाही. केलेलं काम लिहावं : गटाचे हिशोब किती वर्षं लिहिले, किती बायकांना पैसे पाठवायला शिकवलं, त्या कुठं अडल्या, त्यावर काय उपाय केला. हे अनुभव गावातच मिळतात.

जिला घर सोडता येत नाही, तिच्यासाठीही वाट आहे. संयुक्त राष्ट्र स्वयंसेवक कार्यक्रमात १८ वर्षांवरील कुणालाही घरबसल्या ऑनलाइन स्वयंसेवा करता येते. भाषांतर, लेखन, माहितीची जुळवाजुळव अशी कामं असतात. मानधन नसतं, नोंदणी मोफत असते, आणि पुढच्या अर्जात दाखवायला अनुभव मिळतो.

पुढच्या बैठकीला कॉलेजातल्या लेकींनाही घेऊन या. गटाची वही त्यांच्या हातात द्या, महिन्याचा हिशोब त्यांना लिहू द्या. त्यांच्या अर्जात लिहायची पहिली ओळ तिथूनच येईल.