इनोउए विरुद्ध नाकातानी: पारडं कुणाचं जड?

डिसेंबर २०२५ अखेर एकाच्या नावावर ३२ लढती, ३२ विजय होते. दुसऱ्याच्या नावावरही ३२ लढती, ३२ विजय. नाओया इनोउए आणि जुंतो नाकातानी हे दोघंही जपानचे. मार्च २०२५ मध्ये एका पुरस्कार सोहळ्यात इनोउएने सगळ्यांसमोर नाकातानीला आव्हान दिलं: वर्षभराने टोकियो डोममध्ये लढू. तेव्हापासून बॉक्सिंगच्या चाहत्यांमध्ये याच लढतीची चर्चा आहे. नुसत्या आकड्यांवरून काहीच ठरत नाही. म्हणून दोघं लढतात कसे, ते पाहू.

इनोउएची ताकद कशात आहे?

३२ पैकी २७ विजय त्याने लढत वेळेआधी संपवून मिळवलेत. तो झटकन आत शिरतो, ठोसे मारतो आणि तितक्याच झटकन बाहेर पडतो. त्याचं सर्वात घातक हत्यार म्हणजे बरगड्यांखाली, यकृतावर बसणारा डावा हुक. हा ठोसा नीट बसला की डोकं शाबूत असूनही माणूस उभा राहू शकत नाही. २०२१ मध्ये लास व्हेगासला मायकल दास्मारिन्यासची लढत तिसऱ्याच फेरीत अशीच संपली होती.

मग त्याची दुखरी बाजू?

सुरुवातीच्या फेऱ्या. मे २०२४ मध्ये टोकियो डोममध्ये लुइस नेरीने त्याला पहिल्याच फेरीत पाडलं. मे २०२५ मध्ये रामोन कार्देनासने दुसऱ्या फेरीत तेच केलं. दोन्ही वेळा जवळून ठोसे चालू असताना डावा हुक बसला. दोन्ही वेळा इनोउए उठला आणि सहाव्या व आठव्या फेरीत जिंकला. पण सप्टेंबर २०२५ मध्ये मुरोदजोन अख्मदालिएवविरुद्ध त्याने वेगळाच खेळ दाखवला. पायांच्या हालचालीवर भर देत, घाई न करता तो १२ फेऱ्या लढला आणि परीक्षकांच्या एकमताने जिंकला.

नाकातानी वेगळा का?

तो इनोउएपेक्षा साधारण सात-आठ सेंटीमीटरने उंच आहे, पाच वर्षांनी लहान आहे आणि डावखुरा आहे. पुढच्या उजव्या हाताने तो अंतर मोजतो आणि मागून डावा हात सोडतो. मे २०२३ मध्ये अँड्र्यू मोलोनीला त्याने बाराव्या फेरीत डाव्या हाताच्या एकाच ठोशाने झोपवलं होतं. उंच बॉक्सर सहसा लांबूनच लढतात. नाकातानी मात्र जवळ जाऊन अपरकटही मारतो.

डावखुरा असल्याने नेमकं काय होतं?

उजव्या हाताचा बॉक्सर डावा पाय पुढे ठेवतो, डावखुरा उजवा. समोरासमोर आले की आरशात पाहिल्यासारखी स्थिती होते. दोघांचे पुढचे हात एकमेकांना अडवतात, त्यामुळे जॅब मारणं अवघड होतं. अशा वेळी ज्याचा पुढचा पाय समोरच्याच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला पडतो, त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. नाकातानीचा सरळ डावा आणि इनोउएचा सरळ उजवा, दोन्ही याच वाटेची वाट पाहत असतील.

यात इनोउएसाठी एक संधी दडली आहे. यकृत शरीराच्या उजव्या बाजूला असतं आणि डावखुऱ्याची उजवी बाजूच पुढे असते. म्हणजे इनोउएच्या आवडत्या ठोशाचं लक्ष्य त्याच्या आणखी जवळ येतं. दास्मारिन्यासही डावखुराच होता.

वजनाचा मुद्दा किती मोठा?

बराच मोठा. नाकातानी ५३.५ किलोच्या गटातून ५५.३ किलोच्या गटात आला आहे. फरक दोन किलोंपेक्षाही कमी वाटतो, पण या गटातले प्रतिस्पर्धी जास्त दणकट असतात. २७ डिसेंबर २०२५ ला रियाधमध्ये नव्या गटातल्या पहिल्याच लढतीत सेबास्तियन एर्नांदेझने पुढे येत येत त्याला सतत दाबात ठेवलं. नाकातानी जिंकला, पण दोन परीक्षकांचे गुण होते ११५-११३. त्याच रात्री इनोउएने अ‍ॅलन पिकासोला सहज हरवलं. तो २०२३ पासून याच वजनात लढतोय.

शेवटी पारडं कुणाकडे?

सगळं अंतरावर अवलंबून आहे. दोघांमध्ये पावलाभराचं जास्त अंतर राहिलं, तर नाकातानीचा डावा हात बोलेल. इनोउए ते अंतर तोडून शरीरावर मारू लागला, तर नाकातानीची उंची हीच त्याची अडचण ठरेल, कारण उंच माणसाचं धड झाकणं कठीण असतं. नव्या वजनातला नाकातानीचा अनुभव पाहता पारडं किंचित इनोउएकडे झुकतं. अट एकच: पहिल्या तीन फेऱ्यांत त्याने पूर्वीसारखा उतावीळपणा करू नये. नेरी आणि कार्देनासने त्याला पाडल्यावर उठायला वेळ दिला. नाकातानी तो देईलच असं नाही.

ही लढत तुम्ही पाहायला बसलात, तर सुरुवातीला ठोसे मोजू नका. दोघांचे पुढचे पाय पाहा. कुणाचा पाय बाहेरच्या बाजूला पडतोय, यावरून लढत कुठे चाललीय ते कळेल.